फुटामागे पाव इंच

पिंपरी
गुरुवार, १४ फेब्रुवारी १९८०

पद्माताईला नंदूचा नमस्कार.

तुझा सांगलीचा पत्ता तुझ्या मैत्रिणीने, शैलाताईने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी लागोपाठ तीन गुरुवार तिच्या दारात जाऊन बसलो, तेव्हा कंटाळून तिने तो वहीतून फाडून दिला. ‘तिने विचारलं तर मी दिला नाही म्हणून सांगीन,’ असंही म्हणाली.

पत्राचं कारण आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचावंसं वाटलं नाही तरी काम होईल. अप्पा डिसेंबरअखेर निवृत्त झाले. क्वार्टर ३१ मार्चला रिकामं करून किल्ली कंपनीच्या ऑफिसात द्यायची आहे. मी भोसरीत एक खोली घेतली आहे. माझ्या वर्कशॉपपासून चालत सात मिनिटं. दहा बाय बारा, निम्म्या भागावर माळा. नळ बाहेर, पण फार लांब नाही. इथल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा यांतलं चार माणसांचं सामान तिथे दोघांत बसवायचं आहे. गेल्या महिन्यापासून मी दर सुट्टीला तेच करतो.

बाकीचं होईल. प्रश्न तुझ्या कपाटाचा आहे.

ते अजून बाहेरच्या खोलीत तिथेच आहे, खिडकीच्या डाव्या हाताला. तू गेल्यापासून त्यात कुणी काही ठेवलेलं नाही. आई दर शुक्रवारी ते पुसायची आणि परत कुलूप लावायची. रिकाम्या कपाटाला कुलूप कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘तुला काय करायचंय?’ आता ते मी पुसतो.

भोसरीच्या खोलीत ते फक्त माळ्याखाली उभं राहू शकतं. दुसऱ्या निम्म्या भागात एकीकडे दार, एकीकडे खिडकी आणि कोपऱ्यात मोरी. गेल्या गुरुवारी मी मापं घ्यायला गेलो. माझी टेप वर्कशॉपमध्ये अडकली होती, म्हणून अप्पांच्या हत्यारांच्या पेटीतली दोन फुटी पोलादी पट्टी नेली. जमिनीपासून माळ्याच्या फळीपर्यंत तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहा फूट एक इंच. कपाट सहा फूट दोन इंच आहे. अप्पांनी केलं तेव्हाच दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने माप लिहून ठेवलंय, तू पाहिलं असशील.

एका इंचाने राहतंय हे मी अप्पांना सांगितलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता माणूस आवाजावरून ओळखतात. ते म्हणाले, “कशानं मोजलंस?” मी पट्टी हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, अंगठ्याचं नख तिच्या रेघांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग पट्टी परत देऊन म्हणाले, “मग न्हाई मावायचं.”

थोड्या वेळाने म्हणाले, “तिचं हाय त्ये. तिला कळीव. येऊन घिऊन जा म्हनाव.”

दहा वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल काढलेले हे पहिले शब्द आहेत. जसे होते तसे लिहिले. ३१ मार्चच्या आधी केव्हाही ये. टेम्पोची सोय मी करून ठेवीन.

आई गेली तेव्हा दारात जे झालं ते मनात ठेवू नकोस. तो दिवसच तसा होता.

तुझा,
नंदू


पिंपरी
गुरुवार, २८ फेब्रुवारी १९८०

पद्माताईला नंदूचा नमस्कार.

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं धरून पुन्हा लिहितो. पत्त्यावर या वेळी तू नोकरी करतेस त्या हॉस्पिटलचं नाव मोठ्या अक्षरांत घातलंय.

सामान आवरणं मला सोपं वाटलं होतं. मी तीन ढीग ठरवले: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. सकाळी मी बांधून कामाला जातो आणि संध्याकाळी येतो तेव्हा टाकायच्या ढिगातल्या वस्तू न्यायच्या ढिगात गेलेल्या असतात. चिठ्ठीसकट. अप्पांना अक्षर दिसत नाही, पण तिसरा ढीग व्हरांड्यात आहे एवढं कळतं.

“अप्पा, या स्टोव्हला वात नाही, टाकी गळते.”

“असू दे.”

“दुसरा चांगला स्टोव्ह आहे आपल्याकडे.”

“त्यो तुजा हाय. ह्यो तिचा हाय.” तिचा म्हणजे आईचा. हल्ली तुम्हा दोघींनाही ते ‘ती’च म्हणतात, मला ऐकताना दर वेळी ठरवावं लागतं.

जातं शेजारच्या सरूबाईंना दिलं. त्या न्यायला आल्या तर अप्पा जात्याच्या खुंट्याला धरून बसलेले. सरूबाई म्हणाल्या, “मारुतराव, सोडा की. का आता तुमीच दळनार?” अप्पा म्हणाले, “खुट्टा ढिला हाय. बशिवतो अन् मग न्या.” त्यांनी तासभर चाचपून नवा खुंटा तासला आणि बसवला. सरूबाई तोवर उंबऱ्यावर बसून त्यांना आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. जाताना म्हणाल्या, “खुट्टा असा बसलाय, मी मेले तरी निघायचा न्हाई.” अप्पा हसले. या महिन्यात तेवढंच.

परवा कॉलनीतली मुलं होळीसाठी लाकडं मागत आली. माळ्यावर अप्पांनी घरी आणलेले जुने पॅटर्न होते. ज्या लाकडी नमुन्यावर वाळू दाबून साचा करतात ते. फौंड्रीत रद्द झालेले, पण इतके गुळगुळीत की टाकवत नव्हते म्हणून आणलेले. अप्पांनी ते सगळे स्वतः काढून दिले. एकेकावरून हात फिरवायचे, ‘ह्यो पंपाचा’, ‘ह्यो चाकाचा’ म्हणायचे आणि द्यायचे. मुलांची नजर कपाटावर गेली. एक जण म्हणाला, हे पण रिकामंच आहे ना? अप्पांना दिसत नसेल, पण तो कुठे बघतोय ते त्यांना कळलं. ते उठले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले. मुलं गेल्यावरसुद्धा बराच वेळ तसेच.

आईच्या डब्यात तुझी सगळी पत्रं सापडली. शैलाताईच्या पत्त्यावर यायची ती. एकतीस आहेत, मी तारखेप्रमाणे लावली. त्यावरून एक कबूल करायचं आठवलं. आईला वाचता यायचं नाही, म्हणून मी वाचून दाखवायचो. तू लिहायचीस, ‘मी बरी आहे. परीक्षा झाली.’ एवढं ऐकून तिचं तोंड उतरायचं. मग मी दोन-चार ओळी माझ्या घालायचो. तुझी आठवण येते, तुझ्या हातची भाकरी आठवते, असं. तुझ्यासारखं बोलायला मला जमायचं. शुद्धलेखन तूच घालायचीस ना मला, तुझी वाक्यं कानात होती. आठवीत शाळा सुटली, पण वेलांट्या तुझ्याच आहेत.

त्यात वाईट काही नव्हतं असं मला अजून वाटतं.

कपाटाचं लवकर कळव.

नंदू


पिंपरी
गुरुवार, १३ मार्च १९८०

पद्माताईला नंदूचा नमस्कार.

तुझं कार्ड सोमवारी आलं. तू लिहिलंस: ‘कपाट नको. कुणाला हवं असेल त्याला द्या. ज्या दारातून परत पाठवलं त्या दारात मी पुन्हा येणार नाही. पद्मा.’

पोस्टमन आला तेव्हा अप्पा पायरीवर बसले होते. कार्ड त्यांच्याच हातात पडलं. मी कामावरून येईपर्यंत त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. मी चप्पल काढतो न काढतो तोच म्हणाले, “सांगलीचं हाय का बग.”

त्यांना कसं कळलं कोण जाणे. आम्हाला दुसरं कुणाचं कार्ड येत नाही म्हणून असेल.

मी वाचायला लागलो आणि पहिलं वाक्य तोंडातून निघेना. ते मान तिरकी करून, कान पुढे करून बसले होते, आईसारखेच. मग मी वाचलं की तू बरी आहेस. कामाचा ताण आहे. रजेसाठी अर्ज केला आहे, मिळाली की येशील. कपाट जपून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. अप्पांनी डोळ्यांची काळजी घ्यावी, सांगलीत डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. नंदूला आशीर्वाद.

तू म्हणशील कुणी सांगितलं होतं. कुणीच नाही.

अप्पांनी कार्ड मागून घेतलं आणि परत खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, “वाच.” मला आदल्या दिवशीचं एकेक वाक्य आठवून त्याच क्रमाने म्हणावं लागलं. आता रोज वाचतो. चुकू नये म्हणून मी ते एका कागदावर लिहून पाठ केलंय.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की ते आता घरातलं काहीही देऊन टाकतात. तो गळका स्टोव्हसुद्धा गेला. आईची शिवणाची टोपली शैलाताईला दिली. फक्त कपाटाला हात लावू देत नाहीत. ‘तिची रजा मंजूर हू दे.’ येत्या सोमवारी पाडवा आहे. गुढीची काठी मी द्यायच्या ढिगात टाकली होती, तीही परत आणली. म्हणतात, ती आली अन् दारात गुढी नसली तर?

ताई, दोन दिवसांची रजा मिळत नाही का? नुसती येऊन जा. कपाट नको असेल तर नको नेऊस.

त्या दाराबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मला काही लिहायचं आहे. आज जमणार नाही.

नंदू


पिंपरी
गुरुवार, २७ मार्च १९८०

पद्माताई,

हे पत्र जादा तिकीट लावून टाकतोय, म्हणजे शनिवारपर्यंत मिळावं.

काल संध्याकाळी इब्राहिमचाचा आले होते. तुला आठवत असतील. फौंड्रीत अप्पा लाकडाचा नमुना करायचे आणि चाचा त्यावरून वाळूचा साचा. त्यांचा मुलगा बरकत आता पॅटर्नचं काम शिकतोय, म्हणून अप्पांनी हत्यारांची पेटी त्याला द्यायची ठरवली. मी एकेक हत्यार पुसून मांडत होतो. पोलादी पट्टी आली तशी चाचांनी उचलली.

“ये स्टीलवाली है. ही जपून ठेवायला सांग बरकतला. आता अशी मिळत नाही.”

मी म्हणालो, “चांगलीच आहे. मी खोली हिनेच मोजली.”

चाचा हसायला लागले. मग माझ्याकडे बघून थांबले.

“बेटा, खरंच हिने मोजलीस?”

“तीनदा.”

“अरे, ही भिंती मोजायची पट्टी नाही. पोलाद साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून नमुना मोठा करावा लागतो. दर मापाला हिशोब कोण करणार? म्हणून ही पट्टीच ताणलेली असते. हिचा एक फूट म्हणजे तुझ्या टेपचा एक फूट अन् वर पाव इंच.”

फुटामागे पाव इंच. सहा फुटांत दीड इंच. मी मायक्रोमीटरवर काम करतो, ताई. हजाराव्या भागाने माल चुकला तर मला घास जात नाही. मी तसाच सायकलवर वर्कशॉपला गेलो, टेप घेतली, खोलीवर गेलो. माळ्याखालची उंची सहा फूट अडीच इंच आहे. तुझं कपाट मावतं. वर अर्धा इंच राहतो.

परत आलो तर चाचा अजून होते. मी हळूच विचारलं, ही गोष्ट अप्पांच्या लक्षात कशी आली नाही? त्यांचे डोळे गेलेत म्हणून?

“त्याने हातात घेतली होती पट्टी?”

“हो. नख फिरवून पाहिलं.”

चाचांनी व्हरांड्यात बसलेल्या अप्पांकडे पाहिलं. “मग त्याला माहीत आहे. बावीस साल ही पट्टी त्याच्या हातात होती. डोळे मिटून सांगेल.” पेटी उचलून गेले. अप्पांना नुसतं म्हणाले, “चलता हूँ, मारुतराव. भोसरीला येतो चहाला.” अप्पा म्हणाले, “ये. कपाट बगायला ये.”

मी त्यांना काही विचारलं नाही. पण रात्रभर विचार केला आणि एवढं कळलं की कपाट मावतं हे माहीत असून त्यांनी मला तुला पत्र लिहायला लावलं. म्हणजे त्यांना तू यायला हवी आहेस. तू येणार नाहीस, कारण त्या दारातून तुला परत पाठवलं. म्हणून आता ते लिहायलाच हवं.

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू आलीस. सकाळी नऊ वाजले असतील. अप्पा आणि सगळे पुरुष पवनेवर राख सावडायला गेले होते. मी घरी थांबलो होतो. दार मी उघडलं. तू चपला काढल्या होत्या आणि एक पाय उंबऱ्यात होता. मी म्हणालो, ‘अप्पांनी सांगितलंय, पद्मा आली तर आत घेऊ नको.’

अप्पांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. त्या तीन दिवसांत ते एक शब्द बोलले नव्हते.

मला भीती वाटली. लग्न आठवड्यावर आलं असताना तू नर्सिंगला जाते म्हणालीस, तेव्हा त्यांनी खेडहून आलेल्या मुलाकडच्या पाहुण्यांसमोर तुला जे ऐकवलं, ते पुन्हा सगळ्यांदेखत होईल, आईच्या राखेसमोर होईल, असं वाटलं. ते यायच्या आत तू गेलीस तर बरं, एवढंच डोक्यात होतं. सतरा वर्षांचा होतो, पण तसं कारण मी देणार नाही. तुला परत हाक मारता आली असती. तू कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत पोचेपर्यंत मी दारात उभा होतो.

अप्पा आले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘कुनी आलं व्हतं?’ मी म्हणालो, सरूबाई.

सहा वर्षं तू समजतेस की त्यांनी तुला हाकललं. सहा वर्षं ते समजतात की आई गेली तरी तू आली नाहीस. मधे मी आहे.

मला माफ करू नकोस, पण ये. सोमवारी दुपारी बारापर्यंत आम्ही इथे आहोत.

नंदू


भोसरी
गुरुवार, ३ एप्रिल १९८०

पद्माताई,

सोमवारी अप्पा सकाळी सहापासून पायरीवर होते. स्वच्छ धोतर, नवी टोपी. सामान टेम्पोत चढत होतं. सांगलीची गाडी किती वाजता येते हे त्यांनी मला चारदा विचारलं. मी चारदा सांगितलं. बाहेर कुणाचंही पाऊल वाजलं की उठायचे. एकदा शैलाताई आली, बाईच्या चपलांचा आवाज ऐकून ते पुढे झाले आणि हात वर धरला. शैलाताईला काय करावं कळेना, तिने तो हात धरला. “मी शैला, अप्पा.” ते म्हणाले, “व्हय, व्हय. ये. चा घे.” चहाचं सामान टेम्पोत गेलं होतं.

बारा वाजता ऑफिसचा माणूस किल्लीला आला. चांगला होता, एकपर्यंत थांबला. मग अप्पा उठले आणि म्हणाले, “आन हातोडी.”

त्या कपाटात एकही खिळा नाही हे मला माहीत नव्हतं. सगळं लाकडी खुंट्यांवर आहे. अप्पांनी खुंट्या चाचपून एकेक ठोकून काढल्या, मला क्रमाने हातात दिल्या, फळ्या सुट्या झाल्या. अर्ध्या तासात कपाटाच्या जागी भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चुना राहिला. दहा वर्षांपूर्वीचा. मला वाटतं ते अप्पांना दिसलं. तिकडे तोंड करून उभे होते.

इथे खोलीवर त्याच क्रमाने ते उभं केलं. वरची फळी आडवी सरकवून बसते. बसल्यावर अप्पांनी हात उंच करून फळी आणि माळा यांच्यामधे करंगळी घालून पाहिली.

“अर्धा इंच,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं, अप्पा.”

“व्हय.”

“मग का नाही सांगितलंत?”

ते खाली बसले. बराच वेळ खुंट्यांचा उरलेला भुसा बोटांनी गोळा करत होते.

“मावतंय म्हनलं असतं तर तू तिला पत्र लिवलं असतंस का? अन् मला काय सांगता आलं असतं? धा वरसांनी काय म्हनून सांगायचं, ये? कपाट न्यायाला ये म्हनून सांगता येतं.”

खोलीत पाय ठेवायला जागा नाही. ट्रंका एकावर एक, भांडी पोत्यात, कपडे दोरीवर. मधे ते कपाट, कुलूप लावलेलं, रिकामं. रोज संध्याकाळी मी कार्ड वाचतो. रजा मिळाली की येशील असं अजून त्यात आहे.

माझं मागचं पत्र तुला मिळालं असेल. तू रागावली असशील. रागाव.

नंदू


भोसरी
गुरुवार, २४ एप्रिल १९८०

पद्माताई,

तुझं पत्र नाही. यापुढे येईल असं धरून मी लिहीत नाही. झालं ते कळवतो.

गेल्या शनिवारी कामावरून आलो. अप्पा म्हणाले, “कार्ड बगू.” कार्ड त्यांच्याच खिशात होतं. त्यांनी ते काढलं, पण मला दिलं नाही. खिडकीकडे गेले आणि डोळ्यांसमोर अगदी जवळ धरून उजेडात तिरकं केलं.

“नंदू, ह्याच्यावर तीन वळी हायत. तीन काळ्या रेगा दिसत्यात, अन् खाली येक बारकी. तू वाचतोस ती धा वळी हायत.”

मी हातातला डबा खाली ठेवला.

“पयल्या दिशीच बगितलं मी. तू कामावरनं यायच्या आदी.”

“मग रोज वाचायला का सांगता?”

“बरं वाटतं ऐकाया,” ते म्हणाले. “तुज्या आईला बी तू असंच वाचायचास. ती मला सांगायची. म्हनायची, पोरगं चार वळी वाडवतंय, पर गोड वाडवतंय.”

ताई, आईलाही माहीत होतं.

“आता हाय तेवडं वाच.”

मी तीन ओळी वाचल्या. कपाट नको. कुणाला हवं असेल त्याला द्या. ज्या दारातून परत पाठवलं त्या दारात मी पुन्हा येणार नाही.

“कुनी पाटवलं परत?”

मी सांगितलं. तुला लिहिलं होतं तेच, सगळं, पवनेवर ते गेले होते तिथपासून पिंपळापर्यंत. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. ते ओरडतील, हात उगारतील, या सगळ्याची मी सहा वर्षं तयारी केली होती. बाहेर नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती.

“किती येळ उभी व्हती?”

“चार-पाच मिनिटं.”

“चपला काडल्या व्हत्या?”

“हो.”

“दोनी?”

“हो, अप्पा. दोन्ही.”

“म्हंजे आत यायचं व्हतं तिला,” ते म्हणाले. मग तेच परत म्हणाले, मला नाही, भिंतीला म्हणाल्यासारखं. त्यानंतर त्या दिवशी आणि रविवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे. सोमवारी मी कामाला निघालो तेव्हा त्यांनी खिळ्यावरून किल्ली काढली, चाचपत कपाटाचं कुलूप उघडलं आणि दार माझ्याकडे ढकललं.

“कापडं ठीव ह्यात. किती दिस ट्रंकंत ठिवनार.”

मी म्हणालो, संध्याकाळी ठेवतो. म्हणाले, “आत्ता ठीव.” मी त्यांची धोतरं, माझे शर्ट, आईची दोन लुगडी घड्या करून लावली. त्या दिवशी मला हजेरीला पहिल्यांदा उशीर झाला. खालचा कप्पा मी मोकळा ठेवला. अप्पांनी प्रत्येक कप्प्यात हात घालून पाहिलं. खालच्यात त्यांचा हात मागच्या फळीपर्यंत गेला आणि तसाच थोडा वेळ राहिला. का मोकळा ठेवलास असं त्यांनी विचारलं नाही. दार लावलं. कुलूप लावलं नाही.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी त्यांना इथपर्यंत वाचून दाखवलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. ते म्हणाले, “हिकडचा पत्त्या लिवलास का?” मी म्हणालो, वर भोसरी लिहिलंय. म्हणाले, “तेवड्यानं कसं घावंल? नीट लिव. अन् म्या सांगतो त्ये लिव.”

पत्ता असा: खोली नंबर चार, पाण्याच्या टाकीमागची चाळ, औद्योगिक वसाहतीच्या पहिल्या थांब्यावर उतरून उजवीकडे, भोसरी.

आणि हे त्यांनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत:

‘पद्मा, त्या दारात येनार न्हाई म्हनलीस. त्ये दार कंपनीला परत दिलं. ह्ये दार येगळं हाय. ह्या दारात तुला कुनी कायबी म्हनलेलं न्हाई.’

यात माझा एकही शब्द नाही.

नंदू